पहिल्या पुस्तकाचा पहिला वाचक

पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन तालुक्यांत पहिले पुस्तक छापून आणणे आता फारसे दुर्घट राहिलेले नाही. अक्षरजुळणी घरच्या संगणकावर होते, मुद्रक म्हापशात किंवा सावंतवाडीत भेटतो, शंभरच प्रती हव्या असतील तर शंभरच काढता येतात. आयएसबीएन क्रमांक लेखकाला स्वतःच्या नावाने, एक पैसाही न देता मिळतो. शासनाच्या कला व संस्कृती खात्याच्या योजना आहेत, साहित्यसंस्था आहेत, आणि यांपैकी काहीच साधले नाही तर घरातले कोणी वडीलधारे हौसेने खर्च उचलतात. तरीही नव्या लेखकाच्या तक्रारीचा सूर पालटलेला नाही. ‘आम्हांला कोणी विचारत नाही’ असे तो पूर्वी हस्तलिखित काखोटीला मारून म्हणत असे; आता तो छापील पुस्तक हाती घेऊन तेच म्हणतो. ही तक्रार खरी आहे असे आमचे मत आहे. मात्र तिचे कारण शोधताना आपण अजून छापखान्याभोवतीच घोटाळत आहोत. आज उणीव आहे ती हस्तलिखित हाती घेऊन, शेवटपर्यंत वाचून, त्यावर पेन्सिल चालवणाऱ्या पहिल्या वाचकाची.

छापखान्याची अडचण एके काळी केवढी होती, याचे सर्वांत बोलके उदाहरण गोमंतकात छापल्या गेलेल्या पहिल्या थोर मराठी काव्याचेच आहे. भारतात मुद्रणयंत्र प्रथम उतरले ते जुन्या गोव्यात, १५५६ साली. पण मराठी अक्षरांचे खिळे काही त्याबरोबर आले नाहीत. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथल्या भाषेत रमले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. १६०८ साली रोमच्या वरिष्ठांस पाठविलेल्या पत्रात त्यांनी या देशीच्या भाषेत व या देशीच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत अशी अनेक वर्षांची इच्छा बोलून दाखविली. अक्षरांचे साचे सहाशेच्या घरात जातात, ते दोनशेंवर आणता येतील, असा हिशेबही मांडला. साचे झाले नाहीत. १६१६ साली राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ निघाले ते रोमन लिपीत, धर्माधिकाऱ्यांच्या परवानग्या घेऊन. पुढे १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले.

या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. उरल्या त्या भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रती. देवनागरीतली एक लंडनमध्ये सापडली, आणि १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळुरात सिद्ध केलेली आवृत्ती अशा हस्तलिखितांच्याच आधारे उभी राहिली. १६८४ साली लोकभाषेविरुद्ध निघालेला हुकूम, त्यानंतरची दडपणूक, हे सगळे पार करून हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो छापला गेला म्हणून नव्हे. तो पुन्हापुन्हा वाचला गेला आणि वाचणाऱ्यास तो आपल्यापाशी असावासा वाटला, म्हणून.

त्या काळी आपले दोन्ही तालुके पोर्तुगीज अंमलाबाहेर होते. ते अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात, पेडणे तर १७८८ साली, नव्या काबिजादीत गेले. त्याच शतकातले सोहिरोबानाथ आंबिये. बांद्याचे कुलकर्णीपण सोडून नाथपंथाच्या वाटेला लागलेल्या या कवीचे नाव आज पेडण्यातल्या विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयास आहे. त्यांच्या हयातीत या भागात मराठी छापखान्याचा मागमूसही नव्हता. त्यांची पदे पसरली ती भजनाच्या फडातून. आपल्या घराण्यांत रुमालात बांधून ठेवलेल्या वह्यांत ती सापडतात तेव्हा पाठभेद दिसतात, आणि अभ्यासक त्याबद्दल हळहळतो. आम्हांस मात्र त्या पाठभेदांत एक प्रकारचे संपादन दिसते. टाळाच्या ठेक्यात न बसणारा शब्द पुढल्या सप्ताहापर्यंत सरळ होई. जिभेवर न रुळणारा चरण गळून जाई. पद बांधणाऱ्यासमोर ते ऐकणारी पंचवीस माणसे बसलेली असत आणि त्यांच्या तोंडावरची कंटाळ्याची छटा त्यास तत्काळ दिसे. ही सोय आजच्या कवीस नाही.

विसाव्या शतकाकडे येऊ. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळाला, आणि गोमंतकात मराठी शाळा, वाचनालये, नियतकालिके यांना बहर आला. केप्याहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ साली सुरू केलेला ‘भारत’ हे त्यातले ठळक नाव. १९२६ नंतरच्या हुकूमशाहीने हा बहर खुडला. छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे द्यावा लागे. लग्नपत्रिकेलाही त्यातून सुटका नव्हती, असे जुनी माणसे सांगत. अशा वेळी गोमंतकीय लेखकाने सीमेपलीकडे पाहिले यात नवल नाही. सावई-वेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई यांच्या कथा मुंबई-पुण्याच्या मासिकांतून येत गेल्या आणि ‘कल्पवृक्षाच्या छायेत’ हा संग्रह १९३४ साली झाला. सत्तरीतल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी पुण्यास जाऊन स्थायिक झाले. त्यांचा पहिला कथासंग्रह ‘वेलविस्तार’ १९४१ सालचा, म्हणजे वयाच्या पस्तिशीतला. वेऱ्याचे शंकर रामाणी जन्मले १९२३ साली. ‘कातरवेळ’ निघाले १९५९ साली.

या तारखा आम्ही मुद्दाम मांडल्या आहेत. या लेखकांना सीमेपलीकडे यंत्र मिळाले, एवढेच आपण सांगतो; पण त्यांना तेथे आणखी काही मिळाले, ते आपण विसरतो. कथा आधी मासिकाकडे जाई. ती परत येई, कधी कोऱ्या पाकिटात, कधी संपादकाच्या दोन ओळींसह. मग ती दुरुस्त होई किंवा पेटाऱ्यात जाई. छापली गेलीच, तर पुढल्या महिन्यात अनोळखी वाचकाचे पत्र येई. अशी पाच-सात वर्षे गेल्यावर, बारा-पंधरा कथा वाचकांच्या परिचयाच्या झाल्यावर, प्रकाशकास संग्रह काढावासा वाटे. पुस्तक हा लेखकाच्या उमेदवारीचा शेवट होता. आज ते तिचा आरंभ झाले आहे. मासिके थकली, साप्ताहिक पुरवण्या आटल्या, आणि नव्या लेखकाचे पहिलेच प्रसिद्ध होणारे लेखन एकदम शंभर पानांच्या रूपाने समोर येते. जी परीक्षा कथेगणिक व्हायची, ती पुस्तक छापून झाल्यावर होते. तोवर दुरुस्तीचा काळ उलटलेला असतो.

घाईने निघालेल्या पहिल्या पुस्तकाचे काय होते, हे थोरांच्या बाबतीतही पाहण्यासारखे आहे. बोरकरांचा ‘प्रतिभा’ हा संग्रह १९३० सालचा, कवी अवघा विशीचा असतानाचा. आज त्याचे नाव अभ्यासकच घेतात. रसिकांना बोरकर ठाऊक झाले ते ‘जीवनसंगीत’पासून, १९३७ नंतर. कुसुमाग्रजांचा ‘जीवनलहरी’ हा पहिला संग्रह १९३३ साली निघाला आणि फारसा गाजला नाही. १९४२ साली ‘विशाखा’ निघाला तो वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने. हे खांडेकर म्हणजे १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत शिकविलेले. पेडण्याच्या केरी गावाहून तेरेखोलची खाडी ओलांडली की रेडी आणि मग शिरोडे. आपल्यापैकी अनेकांचे आप्त तेथे आहेत. एका यशस्वी कादंबरीकाराने, त्याच्या स्वतःच्या पुस्तकांना मागणी असताना, दुसऱ्याच्या कवितांचे पुस्तक उभे करण्यात वेळ घालवावा, या गोष्टीचे मोल आपण नीट ओळखलेले नाही. त्या कवीने पुढे १९६४ साली मडगावच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, तेव्हा मांडवात बसलेल्या किती जणांना शिरोड्याच्या त्या मास्तरांचे स्मरण झाले असेल?

येथे एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. संपादक म्हणजे दारावरचा पहारेकरी, तोही मुंबईचा. त्यास आमची बोली कळत नाही, आमची माटोळी आणि आमचा मांड त्याला तळटीप दिल्यावाचून पचत नाही. ‘सत्यकथे’च्या मानदंडाविरुद्ध महाराष्ट्रातल्या तरुणांनीच बंड केले, १९६९ साली तिची होळीही केली. १९८२ साली ते मासिक बंद पडले. त्या बंडामागे खरा अन्याय होता हे आम्ही नाकारीत नाही. शहरी, मध्यमवर्गीय अभिरुची हीच मराठीची अभिरुची असे मानले गेल्याने कित्येक लेखण्या खुरटल्या. पण त्या मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखित वाचत असत, अगदी स्वल्पविरामापर्यंत वाचत असत, हेही तेवढेच खरे. मानदंड मोडला तेव्हा त्याबरोबर वाचण्याची सवयही मोडली, आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही. मुंबईच्या संपादकाला पेडण्याची बोली कळत नव्हती, याचा अर्थ पेडण्याची बोली कळणारा संपादक हवा, एवढाच होतो.

मुक्तीनंतर काही काळ तो आपल्यापाशी होता. २४ मार्च १९६२ रोजी बा. द. सातोस्करांच्या संपादकत्वाखाली दैनिक ‘गोमन्तक’ निघाले; मडगावहून ‘राष्ट्रमत’, १९७० साली ‘नवप्रभा’. या पत्रांच्या रविवारच्या पानांवर दोन पिढ्या लिहायला शिकल्या. कथेचे कात्रण डायरीत चिकटवून ठेवणाऱ्या मास्तरांची घरे आमच्या पाहण्यात आहेत. आज त्या पानांवर पुस्तकाबद्दल जे येते त्यास परीक्षण म्हणवत नाही. मुखपृष्ठ कोणी केले, किंमत किती, प्रकाशनास पाहुणे कोण होते आणि शेवटी ‘रसिक या पुस्तकाचे स्वागत करतील अशी आशा आहे’. रसिकांनी स्वागत का करावे, याचे एकही कारण त्यात नसते.

असे का झाले? जागा कमी झाली हे एक कारण. दुसरे अधिक नाजूक आहे, आणि ते या पत्रिकेत बोलायचे नाही तर कोठे बोलायचे! १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राज्याची राजभाषा झाली आणि मराठीला वापरापुरती सोय मिळाली. तेव्हापासून गोमंतकात निघणारे प्रत्येक मराठी पुस्तक हे मराठीच्या अस्तित्वाचा दाखला म्हणून मोजले जाऊ लागले. दाखल्याची कोणी समीक्षा करीत नाही. त्याची संख्या मोजतात. अमुक वर्षी अमुक इतकी पुस्तके निघाली, हे व्यासपीठावरून अभिमानाने सांगितले जाते. नव्या कवीच्या संग्रहात वृत्त मोडले आहे, प्रतिमा उसनी आहे, असे कोणी म्हटले तर ते भाषेशी वैर वाटते. त्यामुळे जाणते लोक गप्प बसतात, प्रस्तावना मागितली की दोन पाने गोड लिहून देतात, आणि कवी समजतो की आपण पोहोचलो. भाषेवरच्या निष्ठेने भाषेतल्या लेखकांचे असे नुकसान होत आहे. ज्या घराण्यांनी पोर्तुगीज अंमलातही देवघरात मराठी पोथी वाचण्याचे सोडले नाही, त्यांनीच हे बोलावयास हवे. त्यांच्या निष्ठेबद्दल कोणास शंका घेता येणार नाही.

अशी हस्तलिखिते आमच्याकडेही अभिप्रायासाठी येतात. डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत शिकविणाऱ्या तरुणाने गेल्या पावसाळ्यात ब्याऐंशी कवितांची वही आणून दिली. मुद्रकाशी बोलणे झालेले होते. त्यांना हवी होती प्रस्तावना. वहीत पाऊस होता, आई होती, विरह होता, आणि या सर्वांबद्दल आपण आधी वाचलेले शब्द होते. सत्तर कविता अशा झाल्यावर चार कविता आल्या त्या खनिजाच्या ट्रकांवर. बापाने कर्ज काढून ट्रक घेतला, खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला आणि त्याच्या हौद्यात पावसाचे पाणी साठून बेडूक झाले. एक कविता नुसती चाकाच्या भेगेत उगवलेल्या गवतावर होती. या चार कवितांतली भाषा निराळी होती. तीत घरी बोलतात ते शब्द होते, आणि कवीला त्यांचीच लाज वाटत होती. ‘त्या गावठी आहेत, काढून टाकू का?’ असे त्यांनी विचारले. आम्ही प्रस्तावना दिली नाही. त्या चार ठेवा, आणखी वीस तशा लिहा, बाकीच्यांचा विचार मग करू, असे सांगितले. ते नाराज होऊन गेले. पुढे तीन महिन्यांनी नऊ नव्या कविता टपालाने आल्या.

या चार कवितांचे महत्त्व कवीच्या कौशल्यापुरते नाही. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. डिचोली तालुक्यातली शिरगाव, मुळगाव, मये ही गावे या उलथापालथीत होरपळली. मयेच्या रहिवाशांचा, कसतो ती जमीन आपली की परागंदा मालकाची, हा प्रश्न मुक्तीनंतर पन्नास वर्षे लोंबकळत राहिला. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. काजूची भाटे गेली, ज्यांची गेली ती माणसे अजून आहेत. हे सारे आपल्या डोळ्यांदेखत घडले. खाणीने पोखरलेल्या गावाची कादंबरी कोकणीत पुंडलीक नायकांनी १९७७ सालीच लिहिली, ‘अच्छेव’. तिच्या तोडीची मराठी कादंबरी डिचोलीने दिली का? हा प्रश्न कोणास खिजविण्यासाठी आम्ही विचारीत नाही. लिहिणारे हात आहेत, अनुभव तर अंगणात उभा आहे. पण ‘हेच लिही’ असे वेळेवर सांगणारा कोणी नाही, आणि पुस्तकी मराठी हीच साहित्याची मराठी या समजुतीतून लेखकाला सोडविणाराही कोणी नाही.

थोडे व्यवहाराचेही सांगावयास हवे, कारण नवा लेखक तेथेही एकटाच असतो. पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे पुष्कळ झाले आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र तो मुद्रणाचा व्यवहार आहे, प्रकाशनाचा नव्हे, हे लेखकाने ओळखावे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्काचा पहिला धनी लेखक असतो. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो; लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढून वर हक्कही कायमचा लिहून देणारे लेखक आम्ही पाहिले आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांस पाठवावयाच्या असतात. घरगुती प्रकाशनात हे बहुधा राहून जाते. पुस्तक प्रकाशनसमारंभात वाटले जाते, उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात, आणि पन्नास वर्षांनी त्या पुस्तकाचा ठावठिकाणा कोणत्याही सूचीत लागत नाही. ‘क्रिस्तपुराणा’च्या त्या तीन आवृत्त्यांची गत आपण पाहिलीच.

आता करावयाचे काय? मोठी संस्था काढा, असे आम्ही म्हणणार नाही. संस्था पुरेशा आहेत. दोन्ही तालुक्यांत निवृत्त शिक्षक आहेत, कीर्तनकार आहेत, जुन्या घरांतून अशी माणसे आहेत ज्यांना ओवीतली मात्रा चुकली की कानाला टोचते आणि दशावतारातल्या उत्स्फूर्त संवादाची लय ओळखता येते. नव्या लेखकाची वही त्यांच्याकडे आधी जावी. दोघांनी ती स्वतंत्रपणे वाचावी, समासात लिहावे, आणि मग लेखकास राजांगणात बसवून ओळीओळीने बोलावे. हे काम कष्टाचे आहे. शंभर पानांची वही नीट वाचावयास आठवडा जातो, आणि ‘हे छापू नका’ असे शेजाऱ्याच्या मुलाला सांगणे तर त्याहून जड. म्हणून ते फुकट मागू नये. साहित्यसंस्था पुस्तकासाठी जे साहाय्य देतात किंवा शासनाकडे मागतात, त्याच्या अंदाजपत्रकात कागद, छपाई आणि बांधणी यांच्याखाली ‘संपादन’ अशी एक ओळ असावी आणि वाचणाऱ्यास त्याचे मानधन मिळावे, ही आमची सूचना आहे. पुढील वार्षिक सभेपुढे ती लेखी मांडण्यात येईल; ज्या सभासदांस वही वाचण्याची तयारी आहे त्यांनी आपली नावे तोवर कळवावीत.